मावशीची लाइन

रिसॉर्टची मालकीण कोण, हे पाहुण्यांना पहिल्या दिवशी कधीच कळत नसे. गेटाशी पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बसलेली ती उंच, हाडकुळी बाई झाडूवाली असणार, असं धरूनच लोक आत शिरत. "मावशी, टॉवेल आणा." मावशी आणून देई. "मावशी, रिमोट चालत नाही." मावशी सेल बदलून देई. निघताना लोक ऑफिसात येत तेव्हा मालकाच्या खुर्चीत तीच बसलेली असे आणि कोणी किती टॉवेल चिखलात घातले ते तोंडावर सांगे. कोणी ओशाळून सॉरी म्हणालं तर म्हणे, "सॉरी कशाला? मावशी बोललात ना, मावशीच हाय मी."

तिच्याकडे मी तीन वर्षं बुकिंग सांभाळत होते. मी भिवंडी शहरातली, लूमच्या खडखडाटात वाढलेली. अंजूरपर्यंत शेअर रिक्षा आणि तिथून खाडीच्या अंगाला पायी, असं रोज जायचे. तिथे भातखाचरांमधून एक अरुंद गल्ली जाते आणि गल्लीत आठ छोटी रिसॉर्टं आहेत. रिसॉर्ट म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढे आणू नका. पोहायचा एक तलाव, दोन घसरगुंड्या, चार-सहा खोल्या, सकाळी मिसळ आणि दुपारी कोंबडी-भाकरी. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे गोदामांचे निळे पत्रे. ज्यांनी शेतं गोदामाला दिली नाहीत त्यांनी खड्डा खणून त्यात पाणी भरलं आणि पाटी लावली, इतकाच प्रकार. मावशीनेही नवऱ्यामागे तेच केलं होतं. एक गोदामवाला महिन्याला पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा आणि "विचार केला का?" असं विचारायचा. ती पुडा घ्यायची, त्याच्यादेखत कोंबड्यांपुढे उलटा करायची आणि म्हणायची, "ह्यांचा विचार चाललाय."

आमच्या गल्लीत रेंज नव्हती. म्हणजे एका जागी होती, मोठ्या घसरगुंडीच्या टोकावर. तिथे दोन कांड्या यायच्या. त्यामुळे आमच्याकडे जे दृश्य रोज दिसायचं ते जगात कुठे दिसत नसेल. खाली पोरं आंघोळीच्या कपड्यांत रांग लावून ओरडतायत आणि वर एक गृहस्थ हाफ पँटवर इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या मीटिंगला बसलेत. पाहुण्यांनी पैसे पाठवले की ते आले का हे बघायला मीही तिथेच चढायचे. साडी नेसून घसरगुंडीची शिडी चढणं हे माझ्या कामात होतं. एकदा एक गृहस्थ मीटिंग चालू असताना लॅपटॉपसकट खाली आले. लॅपटॉप गेला. त्यांनी आमच्याबद्दल नेटवर जे काही लिहून ठेवलं, ते वाचायलासुद्धा मला त्याच घसरगुंडीवर चढावं लागलं.

हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. लोक फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, वायफाय आहे का. नाही म्हटलं की फोन ठेवायचे. शनिवार-रविवार भरायचा, बाकीचे पाच दिवस तलावात पानं पडायची. दोन-तीन हंगाम असेच गेले असते तर मावशीचं ते उरलंसुरलं शेत गोदामात गेलंच असतं, आणि हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नीट कळत होतं.

चीड याची, की फायबरची केबल मोठ्या रस्त्याने गेलेली होती. आमच्या गल्लीच्या तोंडापासून चालत दहा मिनिटांवर. मानकोलीच्या बाजूने आली, प्रत्येक गोदामात शिरली आणि पुढे गेली. तिथे खोके मोजायला नेट, खोक्यांवर नजर ठेवायला नेट, रखवालदाराला सिनेमा बघायला नेट. माणसांची आठ घरं, आठ धंदे मात्र नकाशात नव्हते.

मावशी नेटला नेट म्हणत नसे, लाइन म्हणे. लाइन मागायला तिने कंपनीला फोन लावायला सुरुवात केली ती घसरगुंडीवरूनच. सत्तरीची बाई शिडी चढून वर बसायची, स्पीकर सुरू करायची, आणि पलीकडून यंत्रातली बाई बोलू लागली की तिला खरीखुरी उत्तरं द्यायची. "मराठीसाठी दोन दाबा." "दाबते. तुजं जेवन झालं?" यंत्र पुढे बोलायचं. "जरा थांब गो बाय, माझं बोलून होऊ दे." यंत्र थांबायचं नाही. मग मावशीचा पारा चढायचा. "आयबापानी तुला ऐकायला शिकवलं न्हाय." अर्धा तास ताटकळून फोन कटला की ती तिथूनच घसरत खाली यायची, पाण्यात पडायची आणि ओली बाहेर येऊन म्हणायची, "उद्या परत."

तिला एका गोष्टीची भयंकर चीड होती. आमच्या गल्लीत कोणाला काही टाळायचं असलं की तो म्हणायचा, रेंज नव्हती. पाणी सोडणारा म्हणायचा, ग्रामपंचायतीतला म्हणायचा, पोहे जळाले की आमचा स्वयंपाकीही म्हणायचा. मीसुद्धा म्हणायचे. माझा भाऊ दर रविवारी फोन करायचा आणि मी उचलत नसे. सोमवारी सांगायचे, अरे रेंज नव्हती. एकदा मावशीने ते ऐकलं. "घसरगुंडीवर फोन तर वाजत होता, मीच ऐकला," ती म्हणाली. "तुज्या हातात हाय ती रेंज." मी विषय बदलला.

ती रिसॉर्टवाली झाली ती फार उशिरा. त्याआधी, आणि मनाने शेवटपर्यंत, ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून वरात जाईपर्यंत धवले म्हणणारी बाई लागते. देवाला बोलावणं, मांडवाला बोलावणं, मुलीला उठवणं, बसवणं, सगळं ती गाण्यातून करते. मावशी ते चाळीस वर्षं करत होती. या पट्ट्यातल्या कितीतरी मुली तिने हळदीला बसवल्या होत्या आणि एकही तिच्या डोक्यातून गेली नव्हती. पण ती त्यांना नावाने ओळखत नसे, दिल्या घराने ओळखायची. "ती दापोड्याला दिलेली, मांडवातच जिला ताप भरला ती." तिच्या डोक्यात एक नकाशा होता आणि त्या नकाशावर रस्ते नव्हते, फक्त मुली कुठून कुठे गेल्या ते होतं.

वर्षभर फोन करून करून शेवटी कंपनीचा सर्व्हेवाला आला. घामाघूम तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र. मावशीने त्याला आधी बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली. जेवल्याशिवाय तिच्याकडे कोणाला बोलताच यायचं नाही. जेवून त्याने टेप लावून गल्ली मोजली आणि म्हणाला, "मावशी, लाइन येऊ शकते. पण ये रास्ता सरकारी नहीं है. सातबारावर प्रायव्हेट बांध आहे. जितकी नावं आहेत, सगळ्यांच्या सह्या लागतील."

बांध शेठच्या घराण्याचा होता. शेठ म्हणजे गल्लीतल्या सर्वांत मोठ्या रिसॉर्टचा मालक आणि आमच्या रिसॉर्ट असोसिएशनचा अध्यक्ष. त्याच्या तीन चुलतभावांची रिसॉर्टंही गल्लीतच. सातबारा काढला तर त्यावर हे चौघे होते आणि त्यांच्या खाली अकरा बहिणी. सख्ख्या, चुलत, सगळ्या. वडील-काका गेल्यावर तलाठ्याने वारस लावले तेव्हा त्यांची नावं चढली होती आणि कोणाच्या लक्षातही नव्हती. चौघांना पहिला धक्का बसला तो लाइन अडल्याचा नव्हता. बहिणींची नावं तिथे आहेत, याचा होता.

शेठ मावशीकडे आला. अंगावर सोनं, हातात फाइल. "मावशे, आमी गेलो तर पोरी वाकड्यात शिरतील. तू गेलीस तर न्हाय म्हननार न्हाईत. तूच सगल्यांना हळद लावलीस."

"लाइन येईल ना नक्की?"

"तुझ्या खोल्यांना पयली."

मावशीने फाइल घेतली आणि माझ्या हातात दिली. आत प्रत्येक बहिणीच्या नावाने एकेक कागद होता. मी सगळ्यांत वरचा वाचला. आमच्या सामाईक बांधावरून केबल टाकण्यास आमची हरकत नाही, असं होतं. प्रत्येकाच्या मागे आणखी एक कागद पिनेने टाचला होता. तो मी वाचला नाही. तीन दिवस फाइल माझ्या मांडीवर होती.

आम्ही दोघी रिक्षाने गावोगाव फिरलो. प्रत्येक घरी मावशी उंबऱ्यात उभी राहायची आणि लग्नाच्या वेळी त्या मुलीला ज्या चालीत हाक मारली होती त्याच चालीत हाक मारायची. आतून चाळीस-पन्नास वर्षांची बाई हात पुसत बाहेर यायची आणि क्षणभर मुलगी व्हायची. चहा व्हायचा, माहेरच्या आंब्याची, विहिरीची, मेलेल्या आईची चौकशी व्हायची. मग मी फाइल उघडायचे आणि बोट ठेवायचे, इथे आणि मागच्या पानावर इथे. सात घरं झाली. एकीनेही कागद वाचला नाही. वाचायला येत नव्हतं असं नव्हे, दोघी तर शाळेत शिकवणाऱ्या होत्या. पण माहेरून आलेला कागद वाचायला घेणं म्हणजे भावावर संशय घेणं, आणि ते या बायका मरेपर्यंत करत नाहीत. भावाचा कागद आला, सही केली, वर पोरांच्या हातात खाऊ ठेवला. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

मधल्या एका रिक्षात मावशीने मला सहज विचारलं, "तुजं नाव हाय का गो कुठं?"

"होतं," मी म्हणाले. "बाबा गेल्यावर भावाच्या नावावर सोडून दिलं. घर आणि लूमची शेड. त्याने शेड विकली नंतर."

"विचारलं व्हतं का तुला?"

"भाऊ चांगला आहे माझा."

मावशी बाहेर बघत बसली. बाहेर बघतच म्हणाली, "सगल्यांचेच असतात."

आठवं घर दापोड्याला होतं. सुरेखा, शेठची सख्खी धाकटी बहीण. नवरा नाही, दोन पोरं, स्वतः एका गोदामात खोक्यांवरचे पत्ते तपासायची. ड्युटीवरून नुकतीच आली होती, निळा कोटही अंगावर होता. मी बोट ठेवलं, इथे आणि मागे इथे. तिने पेन बाजूला ठेवलं आणि कागद हातात घेतला.

"वाचतेस काय?" मावशी हसून म्हणाली. "लाइनीचा कागद हाय."

"मावशी, दिवसभर तेच काम हाय माझं. पत्ता वाचल्याबगर खोका पुढं जात न्हाय."

तिने पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं. ते वाचताना तिचे ओठ हलायचे थांबले. मग तिने ते मोठ्याने वाचलं. या जमिनीत आम्हाला काही नको, भाऊ सांगतील तेव्हा रजिस्टर ऑफिसात येऊन हक्कसोड करून देऊ, आमची काही तक्रार नाही. एवढंच होतं. पाच ओळी.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईने मला तीन वर्षांत अनेकदा झापलं होतं, पण ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

"सात जनींच्या घेतल्या," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडं बघून दिल्या त्यांनी."

परतीच्या रिक्षात ती पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली. तिच्या वडिलांचीही जमीन होती, रस्त्यालगत. रेशनकार्डाचा कागद आहे म्हणून भावाने अंगठा घेतला होता. "आथा तिथं गोदाम हाय. आत काय ठेवतात मना म्हायत न्हाय. तिथून जाताना मी दुसऱ्या बाजूला बघते." मग म्हणाली, "आनि आज मीच अंगठे गोला करत फिरले. जल्लं माझं तोंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच रिक्षाने त्याच सात घरांना परत गेलो. लाइन आली नाही तर सर्वांत आधी बुडणार होती ती मावशी. प्रत्येक घरी तिने मला दुसरं पान मोठ्याने वाचायला लावलं. माझ्या आवाजात, माझ्या तोंडून, सात वेळा. मग पान त्या बाईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तुजा कागद. फाड, नायतर ठेव. माज्याकडं नको." एकीने तिथल्या तिथे चुलीत घातलं. एक शिक्षिका रडायला लागली आणि रडत रडत चार तुकडे केले. मानकोलीला दिलेली बहीण मात्र पान हातात धरून उभी राहिली.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "गणपतीला जायला एक दार पाहिजे. जमीन घेऊन त्या दारात कोण उभं करेल मला?"

मला वाटलं मावशी आता फुटणार. ती फुटली नाही. ओट्यावर बसली, पाणी मागून प्याली. "बरं," म्हणाली. "मग तूच नेऊन दे भावाला. माज्या हातून न्हाय जायचा."

असोसिएशनची बैठक शेठच्या तलावाकाठी झाली. मावशीने फाइल टेबलावर ठेवली. आत फक्त पहिली पानं होती, सात सह्यांची. आठवी सुरेखाची, तिने पहिल्या पानावर केली होती.

"दुसरं पान?" शेठ म्हणाला.

"दुसरं लाइनीचं नव्हतं."

"घरचा मामला हाय, मावशे. तू कशाला मधी पडतेस?"

"मधी तूच घातलीस मना. हळद लावली म्हनून धाडलीस ना? मग त्या हळदीला जागते."

बाकीचे तीन रिसॉर्टवाले पाण्याकडे बघत होते. मला आजही सगळ्यांत जास्त राग त्यांचाच येतो. शेठचं घराणं निदान स्वतःसाठी लबाडी करत होतं, या तिघांना तर सगळं कळत होतं, आणि त्यांना फक्त वायफाय पाहिजे होतं.

"दोन्ही पानं न्हाय तर आमच्या चौघांच्या सह्या पन न्हाईत," शेठ म्हणाला. "लाइन न्हाय. नुकसान तुझंच हाय. माझं चालतंय."

"व्हय," मावशी म्हणाली आणि उठली. चपला तलावाकाठीच विसरली. मी त्या मागून नेऊन दिल्या.

तो हंगाम आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. मावशीने दोन खोल्यांना कुलूप लावलं. गोदामवाला महिन्याऐवजी दर आठवड्याला येऊ लागला, पेढ्यांच्या जागी काजूकतली आणू लागला. कोंबड्यांना तीही आवडली. पण यातलं काहीच तिला लागलं नाही. लागलं ते वेगळंच. शेठच्या मुलीचं लग्न निघालं आणि धवल्यांना मावशीला बोलावणं आलं नाही.

हळद शेठच्या रिसॉर्टमध्ये होती, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडे. संध्याकाळी पाच वाजताच डीजे सुरू झाला. मुलीला मांडवात आणतानाही गाणं सिनेमाचंच वाजत होतं. मावशी ऑफिसात बसली होती. एकदम उठली, भिंतीजवळ गेली आणि आमच्या बाजूने, पाठ ताठ करून, धवला म्हणू लागली. तिचा आवाज कोणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मला शेजारी उभं राहून धड ऐकू येत नव्हता. तिने देवांना बोलावलं, मांडवाला बोलावलं, मुलीच्या मेलेल्या आजीला बोलावलं, कुठेही एक ओळ गाळली नाही. आमचे पाहुणे मोबाइल काढून शूटिंग करू लागले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. संपल्यावर ती घाम पुसत म्हणाली, "पोरीचं काय चुकलं? तिला अशीच कशी धाडायची?"

पावसाळा सरता सरता एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या शिबिरासाठी अख्खी गल्ली तीन दिवसांसाठी मागितली. अट एकच, चांगलं नेट. शेठने मोबाइलची रेंज ओढणारे डबे लावून बघितले, कुठून कुठून माणसं आणून बघितली. कंपनी दुसरीकडे गेली. त्यानंतर आणखी एक गेली. मग एके दिवशी शेठ आमच्या गेटाशी आला, मावशीच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एकच पान करतो."

"पोरी हितं येतील," मावशी म्हणाली. "मी नेनार न्हाय कागद. बोलावनं तू धाड."

अकराच्या अकरा आल्या. काहीजणी वीस-वीस वर्षांनी माहेरच्या बांधावर पाय ठेवत होत्या. मानकोलीचीही आली. मावशीने बांधावर चटई घातली आणि नियम सांगितला, प्रत्येकीने कागद आधी मोठ्याने वाचायचा, मग सही करायची. तोच कागद अकरा वेळा वाचला गेला. चौघे भाऊ उन्हात उभे होते. सुरेखाने तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना भावाकडे बघून वाचला. मानकोलीची वाचताना अडखळली, पण तिने शेवटपर्यंत वाचला. तो दुसरा कागद तिने भावाला कधी नेऊन दिला की नाही, ते कोणी विचारलं नाही.

लाइन आली. जोडणाऱ्या माणसाने केबल सोलून आतला तंतू मावशीला दाखवला. केसाएवढी काच. तिने तो दोन बोटांत धरून उन्हात बघितला. "बांगडीची असते तीच जात," म्हणाली. "एवढ्यासाठी एवढं रामायन." मग त्याने विचारलं, पासवर्ड काय ठेवू. मावशीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सुरेखा. दापोडे." त्याने हसून टाकलं.

तेव्हापासून पासवर्ड दर सोमवारी बदलायचा. दर आठवड्याला एक बहीण आणि तिला दिलेलं गाव. पाहुणे विचारत, पासवर्ड काय, आणि मावशी नाव सांगून वर त्या बाईची हकिगत सांगे. ऐकून घेतल्याशिवाय स्पेलिंग मिळत नसे. एकदा शेठची स्वतःची लाइन बंद पडली आणि पैसे पाठवायला तो आमच्या ऑफिसात येऊन बसला. "काय टाकायचं, मावशे?" मावशीने नाव सांगितलं. त्याच्या बहिणीचंच होतं. तो मोबाइल हातात धरून बघत राहिला. "टाक की," मावशी म्हणाली. "लिवता येतं ना?" त्याने टाकलं.

पुढे मला शहरातच काम मिळालं आणि मी सोडलं. मधे दोनेक वर्षं गेली. परवा अंजूरकडे जाणं झालं म्हणून पुढे चालत गेले. गेटाशी तीच पांढरी खुर्ची, तीच मावशी, थोडी वाकलेली. नव्या पाहुण्यासारखं मीही म्हटलं, "मावशी, पाणी द्या." तिने पाणी दिलं आणि मग ओळखून माझ्या पाठीत धपाटा घातला. सगळ्या खोल्या उघड्या होत्या. गोदामवाला हल्ली पुडा आणत नाही, असं तिने थोड्या नाराजीनेच सांगितलं. कोंबड्यांना सवय लागली होती.

जेवण झाल्यावर मी पासवर्ड विचारला.

"तुजं नाव टाक," ती म्हणाली. "आनि भिवंडी."

मला वाटलं गंमत करते आहे. "माझं कशाला? मी कुठे त्या अकरांत?"

"अकरा झाल्या कवाच संपून. आथा दुसऱ्या चालू हायत."

मी माझं नाव टाकलं, पुढे गावाचं नाव टाकलं, आणि फोन जोडला गेला. पडद्यावर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसत होत्या. मावशीने एक खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि तीवर बसली.

"आता भावाला लाव," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"माज्याजवल रिक्षात बोलायचं टाललंस तेच. मला विचारलं न्हाय, बोल. मग तो काय बोलतो ते ऐक."

रविवार होता. शेड विकली त्या दिवसापासून त्याला जे विचारायचं होतं, ते मी मनात इतक्या वेळा विचारलं होतं की शब्द शोधायची गरज नव्हती. नंबर काढला. घंटा वाजू लागली, आणि त्याने उचलला. रेंज नव्हती असं सांगायला आता जागा उरली नव्हती.